निर्भेळ दूध

मातोश्री केशरबाई सहकारी दूध उत्पादक संस्था
कार्यालय, दि. २ मार्च २०१३

चि. सौ. सत्यभामा हिस,

आशीर्वाद लिहावेत तर ते तुला नको असतील, आणि न लिहावेत तर मी थोरला भाऊ. तेव्हा लिहिले आहेत असं समज आणि पुढं वाच. फोनच केला असता. पण तू माझा नंबर बंद करून टाकलास. पोस्टमनला बंद करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून संस्थेच्या लेटरहेडवर, संस्थेच्याच पेनानं, सचिव या नात्यानं आणि तुझा दादा म्हणूनही लिहितो आहे.

केसरला घेऊन तू लिंबागणेशला बायनामावशीकडं गेलीस त्याला आज दहा दिवस झाले. तुझे सासरे मोहनरावआण्णा या दहा दिवसांत दोन वेळा जेवले नाहीत. तुझ्यावर त्यांचं पोटच्या मुलीसारखं प्रेम आहे, हे वाक्य ऐकून त्यांच्या डोळ्यांत आत्ता पाणी आलं. म्हणजे आलं असतं, ते इथं असते तर. ते इथं नाहीत. मी एकटाच बसलो आहे.

१७ फेब्रुवारीच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त मी लिहून पूर्ण केलं. विषय क्रमांक चार तुझ्या माहितीसाठी उतरवतो : ‘दुधाच्या शुद्धतेबाबत सभासद श्री. बबनराव यांनी शंका घेतली. मा. चेअरमन यांनी आपली दोन वर्षांची नात कु. केसर हिला सभेसमोर संस्थेचे दूध पाजून शंकेचे समाधानकारक निरसन केले. विषय टाळ्यांच्या गजरात मंजूर.’ त्यापुढं दोन तासांनी जे झालं ते अजेंड्यावर नव्हतं, म्हणून इतिवृत्तात नाही.

अजेंड्याबाहेरचं सांगायचं तर तुझ्या नवऱ्याच्या डोक्याला अकरा टाके पडले. अर्ध्या लिटरच्या मापानं माणूस एवढा फुटतो हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. मापाचा काठ वाकला आहे आणि आता त्यात अर्धा लिटर मावत नाही. सभासदांचं म्हणणं असं, की आधीही मावत नव्हतं.

सुग्रीवनं तुझ्यावर हात उगारला हे मला मान्य आहे. ते चुकलंच. पण नवरा-बायकोच्या खोलीतली गोष्ट पोलीस ठाण्याच्या टेबलावर न्यायची नसते. आणि त्या खोलीला कुणीतरी बाहेरून कडी घातली होती, ती काढणारा मीच होतो, एवढं तरी ध्यानात ठेव.

तर आता काय हवं आहे ते सरळ लिहितो. तक्रार मागं घे आणि केसरला घेऊन परत ये. २८ एप्रिलला संस्थेची निवडणूक आहे. बबनरावनं गावातल्या भिंती रंगवल्यात, ‘ज्या दुधानं नात मेली, तेच दूध तुमच्या घरी.’ मेली नाही हे दाखवायला नात समोर पाहिजे. ती जीपमध्ये आण्णांच्या मांडीवर बसेल, बस. हातात ग्लास असेल. पिण्याची सक्ती नाही.

ग्लासाचं म्हणशील तर गर्दीत अदलाबदल झाली. मी तुला शब्द दिला होता आणि माझ्याकडून तो पाळला होता. ग्लास कुणी बदलला याची चौकशी करायला तीन संचालकांची उपसमिती नेमण्याचा विचार आहे.

तुझा दादा,
गहिनीनाथ, सचिव


घर, ९ मार्च

सत्ये,

मागचं पत्र मोहनरावांनी शब्द न् शब्द वाचून, स्वतःच्या जिभेनं पाकीट चिकटवून टाकायला दिलं होतं. हे पत्र वहीच्या पानावर आहे. घरी कुणी नाही. आई आपल्या तांबड्या गाईपाशी चारा छावणीत राहते; तिथं गाईला दिवसाला ठरलेला चारा मिळतो आणि आईला गाय मिळते. गावात टँकर आठवड्यातून दोनदा येतो. त्याच्या पाइपावरून परवा दोन बायकांनी एकमेकींची डोकी हांड्यानं फोडली. म्हणजे मापावर तुझी एकटीची मक्तेदारी राहिली नाही.

बुधवारी सुग्रीव चार माणसं घेऊन लिंबागणेशला येऊन गेला ते तुला सांगायला नको, तू दारातच होतीस. इथं जीप आली तेव्हा तिला पुढची काच नव्हती आणि एकाचा खांदा निखळलेला. सटवामावसा साठीच्या पुढचा म्हातारा, आणि मेंढरं हाकायच्या काठीनं एवढं करतो! सुग्रीव जीपमधून उतरला, कार्यालयात आला आणि पहिली थोबाडीत मला दिली.

‘‘तुझ्या खानदानात माणसं हायेत का लांडगे बे?’’

मी म्हणालो, ‘‘दाजी, मावशीचं खानदान वेगळं पडतं.’’ त्यावर दुसरी मिळाली.

तेव्हा जबरदस्तीनं पोर येत नाही हे त्यांना कळलं. आता ते कोर्टात जाणार आहेत. सावध राहा, एवढ्यासाठी हे पत्र.

बसल्या बसल्या मी सगळं पहिल्यापासून आठवून पाहतो आहे. केसर सात महिन्यांची असताना तुझ्या सासूनं, रतनबाईनं, तिला पहिल्यांदा वाटीभर दूध पाजलं. दोन तासांनी पोर ओकायला लागली. आठ वेळा, दहा वेळा. मग ओठ पांढरे, मान पडलेली, हाक मारली तर डोळा उघडेना. केजला सलाईन. महिन्यानं परत तेच. तिसऱ्यांदा तू तिला घेऊन अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलीस आणि सोबत मी होतो. बाईंनी कागदावर आतड्याचं चित्र काढून समजावलं होतं. अंगाची राखण करणारी जी फौज असते, ती या पोरीत दुधातल्या प्रथिनालाच शत्रू समजते आणि आतड्यातच लढाई लावते. अंगावर पुरळ नाही, दम नाही, रक्ताच्या तपासणीतही काही दिसत नाही. म्हणून घरचे विश्वास ठेवणार नाहीत, असंही त्या म्हणाल्या होत्या. एक घोट नको. दही नको, पेढा नको, दुधाची बिस्किटं नकोत. मोठी होईल तशी बहुतेक सुटेल. पण कधी, ते दवाखान्यातच बघायचं, घरी नाही.

मी विचारलं होतं, ‘‘मॅडम, दूध भेसळीचं असेल म्हणून होतं का हे?’’

त्या हसल्या. ‘‘भेसळीचा काही संबंध नाही हो. निर्भेळ असेल तर उलट जास्तच होईल.’’

ती चिठ्ठी तू देव्हाऱ्यात ठेवलीस आणि मोहनरावांनी ती तिथून काढून फाडली. ‘‘चेअरमनच्या नातीला दूध बाधतंय? लोकाला कळलं तर शेण घालतील तोंडात. पोटात जंत असतील, जंताचं औषध पाजा.’’ तेव्हापासून घरात दूध म्हणून केसरला तू तांदळाची पातळ पेज पाजायचीस. पांढरी दिसते. रतनबाईला वाटायचं, नात दूध पचवायला लागली. पोरगी पेजेवर धरली, अंगानं भरली. मला बघितलं की ‘‘मामा, पेद’’ म्हणायची.

आणि मग हा दुष्काळ. गावची गुरं छावणीत हाडं मोजत उभी आणि संस्थेचं संकलन दर महिन्याला वाढतंय. बबनराव चावडीवर ओरडायचा, ‘‘चारा न्हाई, पानी न्हाई, मंग गायी काय हवेवर दूध देऊलाल्यात? का सेक्रेटरी स्वताच पान्हवलाय?’’ लोक हसायचे. पावडरीची पोती रिकामी झाली की ती जाळायचं काम माझ्याकडं असल्यामुळं मीही हसायचो.

सभेत आता मारामारी होणार हे उघड दिसत होतं. तेव्हा ठरलं, की केसरला सगळ्यांदेखत दूध पाजायचं. कुणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे. तू दोन दिवस जेवली नाहीस. मग मी तुला परसात बोलावून सांगितलं, की ग्लास मी भरीन, त्यात पेज असेल, पांढऱ्याला पांढरं, कुणाला कळायचं नाही. तेव्हा कुठं तू हो म्हणालीस.

पेज मी केली होती, सत्ये. सकाळी उठून मावशीकडचे तांदूळ आईच्या डब्यातून काढून स्वतः शिजवले. पण बबनरावची माणसं स्टेजवर चढली, धक्काबुक्की झाली आणि त्यात ग्लास बदलला. मी काय करू शकत होतो?

उत्तर पाठव. दोन ओळी चालतील.

दादा


कार्यालय, २० मार्च

सत्यभामा,

उत्तर आलं नाही. तू आपल्या आईच्या वळणावर गेलीस. तिनंही बापाशी सहा वर्षं अबोला धरला होता, तो मेला त्या दिवशीच बोलली.

सोमवारी सकाळी बबनरावच्या पन्नास-साठ लोकांनी संकलन केंद्र फोडलं. फॅट काढायचं मशीन उचलून रस्त्यावर आपटलं. दूध ओतून दिलं. रस्त्यात पांढरं तळं झालं आणि ज्या बायका ‘‘विष हाय, विष हाय’’ ओरडत होत्या, त्यांच्याच पोरांनी ते तांब्यानं भरून नेलं. माप घालणारा आपला भारत मधे पडला. त्याला कॅनच्या कडीनं मारलं. त्याचा डावा कान निम्मा लोंबत होता आणि तो एका हातानं कान धरून दुसऱ्या हातानं रजिस्टर वाचवत होता. सहकारावर एवढी निष्ठा मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही.

संध्याकाळी सुग्रीव आणि पोरांनी बबनरावच्या भावाला गोठ्यात गाठलं. त्याचे दोन्ही पाय मोडले. तो बीडच्या दवाखान्यात आहे. आता बबनराव म्हणतो, निवडणुकीपर्यंत चेअरमनच्या घरातलं एक तरी मढं उचलणार. हे सगळं एका ग्लासापायी, आणि तू म्हणतेस माझं काय चुकलं. म्हणजे म्हणत असशील.

तुझं चुकलंच थोडं. पोरगी ओकायला लागल्यावर आरडाओरडा न करता गुपचूप सांगता आलं असतं. तीनशे सभासद अंगणात जेवत होते. मोहनराव फक्त एवढंच म्हणाले होते, की माणसं जेवून जाऊ दे, मग जीप काढतो.

आता मुद्द्याचं. कोर्टात ८ एप्रिल तारीख लागली आहे. पाच वर्षांच्या आतलं लेकरू आईकडं राहतं, असा कायदा आहे म्हणे; पण आईच लेकराच्या जिवावर उठलेली असली तर राहत नाही. वकिलानं केजला स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र तयार केलं आहे. त्यात मी, म्हणजे मुलीचा सख्खा मामा, असं लिहून देतो, की सभेच्या दिवशी दूध पाजण्याच्या आधी तूच केसरला काहीतरी चाटवलंस, ते मी डोळ्यांनी पाहिलं. आणि सासरला बदनाम करायची धमकी तू आधीपासून देत होतीस. वकील म्हणाला, ‘‘सख्खा भाऊ बहिणीविरुद्ध सांगतोय म्हटल्यावर जज दुसरं काही विचारणार नाही.’’

मी सही करणार आहे. तू समजून घे. पोर मिळाली की ते तक्रारीचा राग सोडून देतील आणि तुलाही घरात घेतील. घेणार नाहीत असं कुणी म्हटलेलं नाही.

केसरला दूध न पाजण्याबद्दल मी स्वतः मोहनरावांकडून शब्द घेईन.

गहिनीनाथ


घर, २८ मार्च

सत्ये,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ : ‘दादा, पेज केली होतीस तर मावशीकडचे तांदूळ आईच्या डब्यात तसेच कसे?’

आई तुला छावणीतून भेटून गेली हे मला ठाऊक नव्हतं. तिनं डबाही मोजला असेल असं वाटलं नव्हतं.

काल धुळवड होती. पाणी नाही म्हणून यंदा लोक राख आणि मातीच एकमेकांच्या तोंडाला फासत होते. त्या निमित्तानं दोन्ही गटांनी काठ्याही चालवून घेतल्या. मी दिवसभर कडी लावून घरात बसलो, कार्ड समोर ठेवून. काहीतरी जुळतं उत्तर सुचेल असं वाटलं होतं. इतकी वर्षं खोटी इतिवृत्तं लिहिली, एक ओळ सुचू नये?

पेज मी केलीच नाही.

आणि ‘कुणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे’ असं जे लिहिलं, ते माझ्याच डोक्यातून निघालं. मोहनराव पत्नीच्या नावानं शपथ घेणार होते. मी म्हणालो, ‘‘आण्णा, शपथेवर कोण इस्वास ठेवतं आता? नातीला पाजा.’’ त्यांनी माझी पाठ थोपटली होती. तुला त्या घरात दिली तेव्हाही अशीच थोपटली होती. बहीण चेअरमनच्या घरात गेली आणि भाऊ सचिवाच्या खुर्चीत बसला, दोन्ही एकाच महिन्यात.

तुला शब्द दिला तेव्हा तो खरा होता. पण सभेच्या आदल्या दिवशी भारतनं येऊन सांगितलं, की बबनराव तालुक्याहून लॅक्टोमीटर आणतोय, ग्लासात बुडवून बघणार. दुधात पाणी किती ते सांगणारी ती काचेची कांडी. पेजेत ती बुडवली असती तर काय झालं असतं, सांग? तीनशे माणसांसमोर चेअरमनच्या नातीच्या ग्लासात तांदळाचं पाणी! त्या दिवशी मला जिवंत सोडलं नसतं, दोन्हीकडच्यांनी. संस्थेचं दूधही चालणार नव्हतं. त्यात काय असतं ते मला माहीत होतं आणि ते मी पोरीच्या तोंडाला लावलं नसतं. एवढा मी वाईट नाही, असं मला तेव्हा वाटत होतं.

म्हणून सकाळी छावणीत गेलो आणि आपल्या तांबड्या गाईचं दूध काढलं. आईला म्हणालो चहाला पाहिजे. थेंबभर पाणी घातलं नाही. गाळून, उकळून, थंड करून आणलं. मला मनातून अजून वाटत होतं, की डॉक्टरीणबाई शहरातल्या, त्यांना पिशवीतलं दूध माहीत. आपल्या लहानपणापासूनच्या देशी गाईचं, दारातलं, निर्भेळ. ते कुणाला कसं बाधेल? भोंदूबाबाच्या नादी लागणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. आणि मला एक बाई कागदावर चित्र काढून सांगतात की निर्भेळ असेल तर जास्तच होईल, तर मी निघालो निर्भेळ शोधायला.

बबनरावनं कांडी बुडवली. ती अठ्ठावीसवर थांबली. त्या वर्षात आमच्या संस्थेत अठ्ठावीस कुणी पाहिले नव्हते. बबनरावचं तोंड उतरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. केसर तुझ्या कडेवर होती आणि तोंड फिरवत होती, गर्दीला भिऊन. मग तिनं मला बघितलं, ‘‘मामा, पेद’’ म्हणाली आणि ग्लासाला दोन्ही हातांनी धरलं. तू माझ्याकडं बघून मान हलवलीस, पाज म्हणून.

तिनं सगळं प्यायलं.

सही अजून केलेली नाही. सोमवारी केजला बोलावलं आहे. काय करीन ते मला अजून माहीत नाही, खोटं कशाला लिहू.

दादा


बीड, सरकारी दवाखाना, ५ एप्रिल

सत्ये,

अक्षर डाव्या हाताचं आहे, वाचायला त्रास होईल. हे पत्र पोस्टात टाकत नाही. आई एसटीनं घेऊन येते आहे. तिच्याकडून घे आणि जपून ठेव, कारण ते सोमवारी कोर्टात द्यायचं आहे. त्यासाठी नीट, क्रमानं लिहितो.

१ तारखेला केजला नोटरीपुढं माझ्या हातात पेन दिला. मी प्रतिज्ञापत्र वाचलं. शेवटच्या कलमात लिहिलं होतं, की मुलीला दूध पचत नाही ही आईची कपोलकल्पित कथा असून मुलीचा योग्य आहार आजोबांच्या घरीच होईल. मी मोहनरावांना विचारलं, ‘‘आण्णा, पोर आली तर तिला दूध पाजणार न्हाई ना?’’

ते म्हणाले, ‘‘सवय करावी लागती रे. रोज थोडं थोडं पाजायचं. माझ्या आजीनं साप चावलेल्याला असंच बरं केलतं.’’ आणि नोटरीकडं बघून हसले. निवडणुकीच्या जीपमध्ये ती मांडीवर बसणार होती तेवढा एक दिवस मी सहन करायला तयार झालो होतो, सत्ये. पण हे रोज होतं. हा माणूस प्रेमानं बोलत होता आणि तिला प्रेमानं मारणार होता. आठवड्यातच.

मी पेन खाली ठेवला आणि नोटरीला सांगितलं, ‘‘साहेब, हे सगळं खोटंय. दूध मी पाजलंय.’’

नोटरीनं खिडकीबाहेर बघितलं. सुग्रीवनं माझी गचांडी धरून मला जीपमध्ये घातलं. भर दुपार होती, बाजार भरला होता, लोक रस्ता सोडून उभे राहिले. केंद्रावर आणलं. फुटलेल्या मशीनच्या जागी चाळीस लिटरचे भरलेले कॅन मांडून ठेवले होते. दोघांनी मला पालथं पाडलं, उजवा हात फरशीवर धरला आणि कॅन तिरपा करून त्याचा काठ बोटांवर टेकवला. सुग्रीव वर चढला. कॅनवर उभं राहून त्यानं खिशातून गुटख्याची पुडी काढली, फाडली, तोंडात टाकली, मग खाली उतरला. मग परत चढला. तीन बोटं गेली. ओरडलो, खूप ओरडलो. तुझ्याएवढा मी धीराचा नाही.

मोहनराव खुर्चीवर बसलेले होते. ‘‘कावून आसं करतोस, गहिनी? घरचा माणूस तू,’’ असं दोनदा म्हणाले. मग सुग्रीवला म्हणाले, ‘‘सहीचं राहू दे आता. अंगठा धड हाय का त्याचा?’’ धड होता. शाईच्या डबीत दाबला आणि स्टॅम्पपेपरवर उठवला. नोटरीचा शिक्का नंतर मारून आणला.

तेव्हा सोमवारी तो कागद कोर्टात येईल. वकिलाला सांग, जजसाहेबांना एवढंच विचारायला लाव : सात वर्षं सचिव असलेला, रोज पन्नास सह्या करणारा माणूस अंगठा का देईल? आणि माझा हात दाखवा म्हणावं. दवाखान्याच्या कागदावर १ तारीख आहे.

आता तुला माहीत नसलेलं. हे लिहायला चार दिवस घेतले. हात दुखतो हे निमित्त होतं.

त्या दिवशी केसर ओकायला लागली तेव्हा तू माडीखालच्या खोलीतून ‘‘जीप काढा, जीप काढा’’ म्हणत बाहेर येत होतीस. सुग्रीवनं तुला आत लोटलं आणि तो तुझ्यामागं आत गेला. मोहनराव मला म्हणाले, ‘‘सेक्रेटरी, कडी घाल.’’ मी घातली. पहिल्या पत्रात ‘कुणीतरी’ लिहिलं, तो कुणीतरी मी आहे.

मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. आत तो तुला मारत होता ते ऐकू येत होतं. तू ओरडत होतीस, ‘‘पोरगी गार पडली, दादाला बोलवा.’’ जिलबी वाढणारा माणूस समोरून गेला, त्यानं विचारलं, ‘‘आत काय चाललंय?’’ मी म्हणालो, ‘‘काही न्हाई, बायकांचं चाललंय.’’ त्यानं मला जिलबी दिली. मी ती हातात धरून उभा होतो. केसर रडत होती, मधेच ओकत होती, परत रडत होती. रडतीये तोवर ठीक आहे, असं मी स्वतःला सांगत होतो. किती वेळ ते सांगता येत नाही. पहिली पंगत उठून दुसरी बसली होती.

मग रडणं थांबलं. आत काहीतरी जोरात आदळलं, ते तू मारलेलं माप असणार. तेव्हा मी कडी काढली.

तू बाहेर आलीस. अंगावर सुग्रीवचं रक्त, खांद्यावर केसर. ओल्या फडक्यासारखी, ओठ राखेच्या रंगाचे. तुझी डावी पापणी फाटलेली. आणि तू माझा दंड धरून म्हणालीस, ‘‘बरं झालं दादा, तू आलास.’’

तू आजवर माझ्याशी ग्लासापायी बोलत नव्हतीस. आता यासाठीही बोलू नकोस.

तक्रारीत तू मोहनराव, सुग्रीव आणि रतनबाई अशी तीन नावं घातलीस असं कळलं. रतनबाई त्या दिवशी चुलीपाशी होती, तिला काही ठाऊक नव्हतं. तिचं नाव काढ आणि तिथं माझं घाल. दूध कुठून आणलं, ग्लास कुणी भरला, कडी कुणी घातली, तिन्हीला मी स्वतः जबाब देईन. पावडरीची पोती कुठल्या खड्ड्यात जाळली तेही दाखवीन. मला सोडवायचा प्रयत्न आईनं करू नये, तुला तर सांगायलाच नको.

सोमवारी मी कोर्टात येणार आहे. पोलीस आणतील किंवा भारत आणेल. त्याला एक कान कमी आहे पण मोटारसायकल चालवता येते. तू अंगणात झाडाखाली बसलेली असशील आणि केसर तुझ्याजवळ असेल. ती मला लांबून ओळखेल आणि पळत येईल. तिला काही कळत नाही, ती हात पुढं करेल.

तिला माझ्यापर्यंत येऊ देऊ नकोस. आलीच तर माझ्या हातून काही घेऊ देऊ नकोस. पाणीसुद्धा.

गहिनीनाथ